बॉल पायथनच्या मॉर्फ ब्रीडिंगसाठी नर कसा निवडायचा? आधी कागद, मग जीन, रंग सगळ्यात शेवटी

इन्स्टाग्रामवर हल्ली असा एखादा रील हमखास दिसतो. प्लास्टिकचा डबा उघडतो, आत गुंडाळी करून बसलेला साप, अर्धा पांढराशुभ्र आणि अर्धा तपकिरी. दुसऱ्या डब्यात पिकल्या केळ्यासारखा पिवळा, तिसऱ्यात पांढराफटक आणि निळ्या डोळ्यांचा. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न, "भावा, किंमत?"

हा साप म्हणजे बॉल पायथन. तो पाळून ज्यांना दोन-चार वर्षं झाली आहेत त्यांचा प्रश्न थोडा पुढचा असतो. जोडी लावायची, वेगळ्या रंगाची पिल्लं काढायची, तर नर कुठला घ्यायचा?

अमेरिकेतला यूट्यूबवाला या प्रश्नाचं उत्तर जीनपासून सुरू करतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये बसून विचारणाऱ्यासाठी उत्तर कागदापासून सुरू होतं. दोन्ही बघू, पण आधी या सापाची तोंडओळख.

हा आपला अजगर नाही

बॉल पायथनचं शास्त्रीय नाव पायथन रेजियस. मूळ घर आफ्रिका, पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतचा पट्टा. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून बॉल. बिनविषारी, लाजाळू, नर साधारण ३ फुटांचा आणि मादी ४ ते ५ फुटांची. नीट सांभाळला तर २०-३० वर्षं सहज जगतो.

बेनिन देशातल्या विदा गावात या सापांचं देऊळच आहे. तिथे साप फिरत फिरत एखाद्याच्या घरात शिरला तर त्याला मारत नाहीत, मानाने परत आणून सोडतात. नागपंचमी माहीत असलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो, घानामधून गेली कित्येक दशकं हेच साप खोक्यांत भरून जगभर विकले जातात, हा त्यातला विरोधाभास.

आपल्याकडचा अजगर वेगळा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, आरेमध्ये, मुलुंडच्या डोंगराला लागून असलेल्या सोसायट्यांत पावसाळ्यात निघतो तो भारतीय अजगर, पायथन मोल्युरस. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडून ठेवणं, विकणं, त्याची जोडी लावणं हा थेट गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. बॉल पायथनच्या नावाखाली कुणी "देशी पण चालेल का?" असं विचारलं, तर तिथेच बोलणं संपवा.

बॉल पायथनचा नेहमीचा रंग गडद तपकिरी, त्यावर सोनेरी ठिपके. जनुकातल्या बदलामुळे रंग किंवा नक्षी वेगळी आली की त्याला मॉर्फ म्हणतात. १९९२ साली बॉब क्लार्क या अमेरिकन ब्रीडरने पाळीव जोडीपासून पहिला अल्बिनो बॉल पायथन काढला आणि तिथून या छंदाचा धंदा झाला. १९९७ मध्ये पाईडची पैदास झाली, म्हणजे पांढरे पट्टे असलेला तो अर्धा-अर्धा साप. आज जीन एकमेकांत मिसळून तयार केलेले मॉर्फ हजारोंच्या घरात आहेत. सुरुवातीला एकेका सापाला हजारो डॉलर मिळायचे. आता तेच मॉर्फ तिकडच्या बाजारात त्याच्या एका लहान तुकड्यात मिळतात, कारण साप अंडी घालतो आणि ब्रीडर थांबत नाही. "एक नर घे, तीन वर्षांत पैसे वसूल" असं सांगणारा माणूस साप नव्हे, स्वप्न विकत असतो.

सगळं वजन नरावरच का?

मादी तयार व्हायला साधारण ३ वर्षं लागतात आणि वजन किमान १५०० ग्रॅम लागतं. नर मात्र वर्ष-दीड वर्षात, ६००-७०० ग्रॅमला तयार होतो. मादी वर्षाला फार तर एकदा अंडी घालते, साधारण ५ ते ७, आणि पुष्कळदा एखादं वर्ष गाळते. नर एकाच हंगामात तीन-चार माद्यांना पुरतो.

म्हणजे तीन माद्या आणि एक नर असेल तर वर्षाला अठराएक पिल्लं, आणि प्रत्येकात अर्धा हिस्सा त्या एकाच नराचा. त्याचा चांगला जीन अठरा डब्यांत जातो. त्याचा दोष, त्याचा आजार, त्याचा नसलेला कागदही अठरा डब्यांत जातो. मादी निवडताना चूक झाली तर एक वीण वाया जाते. नर चुकला तर सगळा प्रोजेक्टच चुकतो.

आधी कागद

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अंधेरी पूर्वेला, सहारच्या एअर कार्गो कॉम्प्लेक्समध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने एक माल अडवला. कागदावर मासे होते. आत अजगर, सरडे, कासवं, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. त्यातले ११७ मेलेले होते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांची आणि केकची पाकिटं सापडली. पाकिटांत ११ साप, त्यातले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. त्यांची परत बँकॉकला रवानगी झाली.

मुंबईत "इम्पोर्टेड ब्लडलाइन" म्हणून टेलिग्रामवर फिरणारा स्वस्त नर कुठल्या वाटेने येतो, हे या दोन बातम्या सांगतात. पकडलेला माल दिसतो. सुटलेला कुणाच्या तरी बेडरूममधल्या रॅकवर असतो.

आता कायदा. बॉल पायथन भारतातला नसल्यामुळे पूर्वी वन्यजीव कायदा त्याला जवळजवळ ओळखतच नव्हता. "विदेशी प्राणी आहे, काही होत नाही" हे वाक्य तेव्हाचं. २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची सहा महिन्यांची सवलत दिली होती. त्यानंतर २०२२ ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने साईटिस या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणल्या. साईटिसमध्ये अजगरांचं जवळजवळ अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यात बॉल पायथनही आला.

याच दुरुस्तीतलं कलम ४९एम पाळणाऱ्याने पाठ करावं असं आहे. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद करायची. तो दुसऱ्याला दिला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं आणि मेला तरी कळवायचं. नोंद कशी करायची याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. अर्ज परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. तेव्हा आधीपासून जवळ असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. त्यानंतर ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी ३० दिवस मिळतात. नियम मोडला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तस्करीचा माल निघाला तर कस्टम्स कायदा वेगळा मागे लागतो.

एक गैरसमज इथेच काढू. पैदाशीसाठी लागणारं स्वतंत्र लायसन्स साईटिसच्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी आहे. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे ते लायसन्स त्याला लागत नाही. पण "लायसन्स लागत नाही" याचा अर्थ "काहीच लागत नाही" असा नाही. जन्माची नोंद लागतेच, आणि पिल्लांची नोंद करताना आईबाप कुठून आले हे विचारलं जाणारच.

म्हणून नर बघायला गेलात की मॉर्फ विचारण्याआधी तीन गोष्टी मागा. विकणाऱ्याच्या नावावरची नोंद, नर त्याच्याच घरी जन्मला असेल तर त्या जन्माची नोंद, आणि तुमच्या नावावर तो करून देण्याची लेखी तयारी. "नंतर करून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. बिलाच्या पावतीला नोंद म्हणत नाहीत, आणि व्हॉट्सअॅपवरच्या स्क्रीनशॉटला तर नाहीच नाही. काही अडलं तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. तिथे रांगेत गेलेला अर्धा दिवस अठरा बेकायदा पिल्लांपेक्षा स्वस्त पडतो.

आता जीन, दहावीच्या पुस्तकातून

मेंडेलचे वाटाणे आठवतात? प्रभावी आणि अप्रभावी? मॉर्फचा सगळा खेळ तोच आहे, फक्त वाटाण्याच्या जागी साप.

अल्बिनो, पाईड, क्लाउन हे अप्रभावी जीन. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तरच रंग दिसतो. एकच प्रत असेल तर साप नेहमीसारखा तपकिरी दिसतो, पण जीन पुढे देऊ शकतो. अशा सापाला या छंदात "हेट" म्हणतात.

पेस्टल, मोहावे, लेसर, सिनॅमन यांची एक प्रत असली तरी रंग दिसतो आणि दोन असल्या तर तिसरंच रूप येतं, त्याला "सुपर" म्हणतात. मोहावेच्या दोन प्रती आल्या की निळ्या डोळ्यांचा पांढरा साप तयार होतो. रीलवाला तो हाच किंवा त्याचा भाऊबंद. पिनस्ट्राइपसारखे काही जीन सरळ प्रभावी मानले जातात, एक प्रत काय नि दोन काय, दिसायला फरक नाही.

नर निवडताना हे ज्ञान नेमकं कुठे कामाला येतं ते आकड्यांत बघा. समजा पाईड काढायचे आहेत आणि मादी हेट पाईड आहे. नरही हेट घेतला, तर प्रत्येक अंड्यात पाईड निघण्याची शक्यता चारात एक. सहा अंड्यांच्या विणीत किमान एक पाईड निघण्याची शक्यता ८२ टक्के. ठीक आहे, वाईट नाही. आता दोन अप्रभावी जीन एकत्र हवेत, म्हणजे पाईडही आणि क्लाउनही. नर-मादी दोघेही दोन्ही जीनचे हेट असतील तर शक्यता सोळात एक. सहा अंड्यांत किमान एक निघण्याची शक्यता ३२ टक्क्यांवर येते. म्हणजे तीन वर्षं मादी वाढवायची, वर्षभर वाट बघायची आणि तीनातल्या दोन वेळा हात हलवत बसायचं.

त्याऐवजी नर असा घेतला की ज्याच्या अंगावर दोन्ही जीन दिसतात, तर तो प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती देणारच. मग त्याच मादीपासून शक्यता चारात एक, आणि विणीत किमान एक निघण्याची पुन्हा ८२ टक्के. फक्त नर बदलला आणि ३२ चे ८२ झाले. अप्रभावी जीनच्या प्रोजेक्टला हेट नर स्वस्त म्हणून घेऊ नये, रंग दिसणारा घ्यावा, हा नियम यातून येतो.

हेटच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. जाहिरातीत "१०० टक्के हेट", "६६ टक्के हेट", "५० टक्के हेट" असं लिहिलेलं असतं. ६६ टक्के हेट म्हणजे सापात जीन ६६ टक्के भरलाय असं नव्हे. दोन हेटच्या विणीत जी पिल्लं साधी दिसतात, त्यांच्यात तीनातली दोन हेट असतात. कुठली दोन ते दिसून कळत नाही, म्हणून सगळ्यांवर ६६ ची चिठ्ठी लावतात. ती लॉटरीची तिकिटं आहेत. मादी म्हणून एखादं परवडेल, नर म्हणून घेऊ नका.

शंभर टक्के हेटसुद्धा विकणाऱ्याच्या शब्दावरच चालतं. परदेशात आता सापाची टाकलेली कात पाठवून काही जीनची चाचणी करून मिळते. हे शक्य झालं ते अलीकडच्या संशोधनामुळे. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाने ब्रीडरांकडून पोस्टाने काती मागवल्या, त्यातून डीएनए काढला आणि अल्बिनो मॉर्फ टायरोसिनेज या जनुकातल्या बिघाडातून येतो हे २०२२ मध्ये दाखवलं. माणसातल्या एका प्रकारच्या अल्बिनिझममागेही हेच जनुक असतं. चाचणी करता येत नसेल तर आईबापाचे फोटो, विणीची तारीख आणि भावंडांचे फोटो मागा. अल्बिनो बापाचं पिल्लू असेल तर ते हेट असणारच, तिथे शंकेला जागा नाही.

आणि एक सापळा. मोहावे, लेसर, फँटम, मिस्टिक हे जीन गुणसूत्रावर एकाच जागी बसतात. एका जागेच्या दोनच खुर्च्या असतात. त्यामुळे मोहावे आणि लेसर दोन्ही असलेला पांढरा नर एका पिल्लाला एकतर मोहावे देईल नाहीतर लेसर, दोन्ही कधीच नाही. विकणारा "दोन जीनचा नर" म्हणून दुप्पट भाव सांगत असेल तर हे त्याला ऐकवा.

केळ्याचं कोडं

बनाना मॉर्फचा नर घ्यायचा असेल तर त्याच्या आजी-आजोबांपर्यंत चौकशी करावी लागते, आणि यामागचं कारण भारी आहे.

ब्रीडरांच्या लक्षात आलं की काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर निघतात आणि काहींची जवळजवळ सगळी मादी. बरीच वर्षं कुणाला कळेना. सापांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं पक्ष्यांसारखी असतात असं पुस्तकात लिहिलेलं होतं. त्या हिशेबाने हे जुळत नव्हतं. २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अजगर आणि बोआ यांच्यात ती माणसासारखी, एक्स आणि वाय अशी असतात. मग कोडं सुटलं. बनाना जीन याच गुणसूत्रांच्या जोडीवर बसलेला आहे.

नराला बनाना बापाकडून मिळाला असेल तर तो वायवर आहे, आणि वाय मुलांकडेच जातो. त्याला "मेल मेकर" म्हणतात. आईकडून मिळाला असेल तर एक्सवर आहे, तो मुलींकडे जातो. तो "फीमेल मेकर". गुणसूत्रांची अदलाबदल होऊन अधूनमधून अपवाद निघतात, पण थोडेच.

पुढच्या पिढीसाठी बनाना माद्या हव्या असतील आणि तुम्ही मेल मेकर आणला, तर वर्षानुवर्षं पिवळे नरच मोजत बसाल. विकणाऱ्याला एवढंच विचारा, हा बनाना आईकडून आला की बापाकडून? उत्तर माहीत नसेल तर त्याने तो नर स्वतः काढलेला नाही.

सुंदर दिसणारे पण न घ्यायचे

स्पायडर मॉर्फची नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक. बाजारात सहज मिळतो, जवळजवळ कुठल्याही जीनबरोबर छान दिसतो. पण प्रत्येक स्पायडरला कमी-जास्त प्रमाणात तोल सांभाळता येत नाही. डोकं थरथरतं, मान उलटी पिळवटते, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. याला वॉबल म्हणतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडर सापांच्या कानाचं स्कॅनिंग केलं, तेव्हा आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. म्हणजे "चांगल्या हवेत ठेवलं की जातं", "माझ्याकडच्या लाइनमध्ये नाही" ही वाक्यं खोटी आहेत. नक्षी आणि वॉबल एकाच जीनची देणगी आहे. नरात तो सौम्य असला तरी पिल्लांत तीव्र निघू शकतो. स्पायडरच्या दोन प्रती असलेलं पिल्लू तर जगताना दिसत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. एका नरामार्फत दरवर्षी डझनभर प्राण्यांना हा त्रास वाटायचा आणि त्याला प्रोजेक्ट म्हणायचं, हे पटत नाही. वोमा, शॅम्पेन आणि हिडन जीन वोमा यांच्यातही वॉबल दिसतो.

बाकीचे थोडक्यात. डेझर्ट जीनच्या माद्यांना अंडी नीट घालता येत नाहीत, त्यामुळे डेझर्ट नराच्या मुली पुढच्या पैदाशीला निरुपयोगी. सिनॅमन किंवा ब्लॅक पेस्टलच्या दोन प्रती आल्या की पाठीचा कणा वाकडा आणि तोंड बदकासारखं चपटं होण्याचा धोका असतो, म्हणून तसा नर घेतलात तर त्याला त्याच गटातली मादी देऊ नका. कॅरमल अल्बिनोत कणा वाकण्याची तक्रार जुनी आहे. लेसरच्या दोन प्रतींत डोळे बटबटीत मोठे येतात.

हातात घेऊन बघताना

पहिली खात्री, तो नर आहे का? गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखांसारखे छोटे काटे असतात. नराचे मोठे असतात असं म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. खात्रीची पद्धत म्हणजे बोथट सळई शेपटीच्या दिशेने अलगद सारून बघणं. नरात ती ८-१० खवल्यांइतकी जाते, मादीत ३-४. हे सापांची सवय असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्या. अननुभवी हाताने नराला कायमची इजा होते. मोबाइलवर बघून करायचं हे काम नव्हे.

मग अंग बघा. पाठ धरून हळूच बोट फिरवलं की कण्यात गाठ लागते का? तोंडात फेस, श्वासाला शिट्टी, सारखं तोंड वर करून बसणं ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगत असतील तर त्या गोचिडीसारख्या बारीक माइट्स आहेत. शेवटच्या चार-पाच जेवणांच्या तारखा विचारा, आणि तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. मात्र डिसेंबर-जानेवारीत प्रौढ नर महिनोन्महिने उपाशी राहतो, ते आजारपण नसतं. त्याचं डोकं दुसरीकडे असतं.

घरी आणल्यावर त्याला बाकीच्या सापांपासून वेगळ्या खोलीत किमान तीन महिने ठेवा. वेगळं पाण्याचं भांडं, वेगळा चिमटा, त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. निडोव्हायरस नावाचा श्वसनाचा विषाणू अजगरांमध्ये लक्षणं न दाखवता राहू शकतो. जोडी लावणारा नर तीन-चार माद्यांच्या डब्यांत फिरतो, म्हणजे त्याच्याकडचा आजार तीन-चार ठिकाणी पोचतो. वन बीएचकेमध्ये वेगळी खोली कुठून आणू, असं विचाराल. नसेल तर दुसरा साप आणण्याची वेळ अजून आलेली नाही.

यातच आणखी एक गोष्ट. नको झालेला साप "नॅशनल पार्कात सोडून देऊ" हा विचार कुणाच्याही मनात येऊ नये. परदेशी साप तिथे मरेल किंवा त्याहून वाईट म्हणजे मरणार नाही, आणि त्याच्या अंगातला विषाणू आपल्या अजगरांना भेटेल. डब्यातून निसटला तर लगेच वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा आणि बॉल पायथन आहे हे सांगा.

मुंबईची हवा आणि हंगाम

या सापाला एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ अंश लागतात. मुंबईत वर्षातले बरेच महिने हे हिटरशिवाय जमतं, उलट मे महिन्यात खोली थंड ठेवायची चिंता असते. पावसाळ्यात दमटपणा इतका चढतो की बंद डब्यात पोटाचे खवले कुजतात, म्हणून जाळी मोकळी ठेवावी लागते.

जोडीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. रात्रीचं तापमान थोडं उतरलं की नराला चाहूल लागते. परदेशात त्यासाठी यंत्र लावतात. बोरिवली आणि मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला जानेवारीत रात्री पारा आपसूक खाली येतो, तिथे उलट तो फार उतरू नये म्हणून लक्ष ठेवायचं.

पहिल्या हंगामात नराला एक किंवा दोनच माद्या द्या. दर आठवड्याला वजन करा. सुरुवातीच्या वजनाच्या १०-१५ टक्के उतरलं की त्याची सुट्टी, मग हंगाम शिल्लक असला तरी.

मादी बाहेरून आणलेली असेल तर तिचा इतिहासही विचारा. अजगराची मादी आधीच्या नराचं बीज अंगात बराच काळ साठवू शकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुई प्राणीसंग्रहालयात साठीच्या पुढच्या एका बॉल पायथन मादीने ७ अंडी घातली. किमान १५ वर्षं तिच्याजवळ नर फिरकला नव्हता. त्यामुळे पहिल्या विणीत भलत्याच रंगाची पिल्लं निघाली तर लगेच नर विकणाऱ्याला शिव्या घालू नका.

अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, वेगळा उंदीर, आणि परिवेशवर वेगळी नोंद. हे सगळं कुठे मावणार याचं उत्तर नर आणण्याआधी कागदावर लिहून काढा. आणि मादी अजून १५०० ग्रॅमची झाली नसेल तर नराला खुशाल एकटा राहू द्या. हा साप एकटाच राहणारा आहे, त्याला त्याचं काही वाटत नाही.